'ताईला न्हाई कसं म्हनायचं?'

कोरडवाहू | ३ ऑगस्ट, रात्री ९:५०

बीड जिल्ह्यात एका संस्थेत चौदा वर्षं काम करतेय. आमचं काम एकल बायकांबरोबर, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ऊसतोडीला जाणाऱ्या. गेले दोन आठवडे एक गोष्ट डोक्यातून जात नाही. इथे समाजकार्यातली मंडळी आहेत. ज्यांच्यासाठी कधी कुणी समाजकार्यकर्त्याने धावपळ केली, असेही असतील. दोघांकडूनही ऐकायचंय.

एका गावात एक बाई आहेत, मी त्यांना मावशी म्हणते. नवरा फडातच वारला तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, तीही त्या जोडीवर असते. नवरा गेला, उचल राहिली. ती फेडायला पुढचे दोन हंगाम मावशी दिराच्या टोळीबरोबर गेल्या. त्याच काळात आमची ओळख झाली. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा होता. त्याला एकवीस हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नावच चुकलेलं. तहसीलच्या खेपा घातल्या आणि पगार सुरू झाला. गावात निराधारच्या पैशाला पगारच म्हणतात.

मावशींची गर्भाशयाची पिशवी अठ्ठाविसाव्या वर्षीच काढलेली. २०१९ साली हा विषय देशभर गाजला. शासनाच्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर आमच्याकडे माणसांची रीघ लागली. पत्रकार, कॅमेरेवाले, प्रबंध लिहिणारी मुलं. प्रत्येकाला नीट बोलणारी एक बाई हवी असायची. मावशी नीट बोलतात. मी सहा वेळा माणसं नेऊन त्यांच्या ओट्यावर बसवली. दर वेळी आधी विचारलं, दर वेळी त्या हो म्हणाल्या, दर वेळी कागदावर सही केली.

गेल्या महिन्यात त्यांच्या धाकट्या मुलीची सोयरीक ठरत होती. बैठकीत मुलाकडच्या कुणीतरी मोबाईलवर मावशींच्या मुलाखतीचा जुना व्हिडिओ काढला आणि चारचौघांत विचारलं, "हीच का ती?" सोयरीक मोडली नाही. पण मावशी त्या दिवशी उठून आत गेल्या आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

हे मला पंधरा दिवसांनी कळलं. मी म्हटलं, "मावशी, नको वाटत होतं तर तेव्हाच सांगायचं ना." त्या म्हणाल्या, "तुमी माज्यापायी अकरा खेपा घातल्या तहसीलला. ताईला न्हाई कसं म्हनायचं?"

अकरा. मी कधी मोजल्या नव्हत्या, त्यांनी मोजल्या होत्या. सहा वेळा बोलायला बसल्या तेव्हा सहा दिवसांची खुरपणी बुडाली, हेही मी कधी धरलं नव्हतं.

आपण 'ताई' झालो, घरातलं माणूस झालो, याचा मला फार अभिमान होता. त्यानेच त्यांचं 'नको' गिळलं का?

---

केसपेपर | ३ ऑगस्ट, रात्री ११:१५

मुंबईच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे, एकवीस वर्षं. तुमची मावशी मला रोज भेटते.

आमच्याकडे गोष्ट अगदी उघडी असते. माझ्या शिफारशीवर बिल कमी होतं. महात्मा फुले योजनेत न बसणारी शस्त्रक्रिया असेल तर कुठल्या न्यासाला पत्र द्यायचं तेही मी ठरवते. समोर बसलेल्या आईला हे पक्कं माहीत असतं. अशा वेळी मी काहीही विचारलं तरी ती मान डोलावणारच.

एकदा प्रशिक्षणाला आलेल्या मुलांसाठी मला एक 'चांगली केस' हवी होती. एका लहान मुलाच्या आईला विचारलं, ती हो म्हणाली. पंचवीस मुलांसमोर उभी राहून तिने नवऱ्याच्या दारूपासून सगळं सांगितलं. मुलं वह्या भरत होती. बाहेर आल्यावर तिने मला एकच विचारलं, "मॅडम, आता बिलाचं होईल ना?"

बिलाचा कागद सकाळीच सही करून खाली गेला होता. मी तिला सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा एक क्रम आहे. आधी काम पूर्ण करायचं, ते पूर्ण झाल्याचा कागद हातात द्यायचा. त्यानंतर काही मागायचं असेल तर मी मागत नाही, दुसऱ्या विभागातली सहकारी विचारते. आणि सुरुवातीलाच सांगते, नाही म्हटलंत तरी काही अडणार नाही. असं झाल्यापासून दहातल्या सहा-सात बायका नाही म्हणतात. आधी शंभर टक्के हो होता. तो हो कशाचा होता, हे त्यावरून कळलं.

---

लिंबोणी | ४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवतात की अंतर ठेवा, खाऊ नका, भेट घेऊ नका, नंबर देऊ नका. फील्डवर्कला मी एका पारधी वस्तीवर जाते. पहिल्याच दिवशी एका आजीने चहा केला. मी नियम आठवून "नको आजी, आत्ताच झाला" म्हटलं. आजी काही बोलली नाही. तिच्या नातीने कप उचलला आणि म्हणाली, "त्या आपल्यातलं पीत नसतील."

मला रडूच आलं. त्यानंतर तिथे मी कधीच नाही म्हटलेलं नाही. पण अहवालात हे कुठे लिहायचं, हे कळत नाही. पर्यवेक्षकांना सांगायला भीती वाटते.

---

कोरडवाहू | ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

@केसपेपर, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. "तो हो कशाचा होता" हे माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

@लिंबोणी, चहा पीत जा. आणि अहवालात लिही, जसं झालं तसं, नातीच्या वाक्यासकट. आपल्याकडे पाणी नाकारण्याला शेकडो वर्षांचा अर्थ आहे. भेट घ्यायची नाही हा नियम लाचेचा विचार करून आलाय, विटाळाचा विचार त्यात नाही. ज्यांच्या हातचं कुणी घेत नव्हतं त्यांच्या दारात तो जसाच्या तसा लागू होत नाही.

मला काय घेता आलंय ते सांगते. एका बाईने पगार सुरू झाल्यावर मला घरी बोलावून माझी ओटी भरली. ती विधवा. गावच्या रीतीने तिला दुसरीची ओटी भरायचा हक्कच नाही. तिने खण-नारळ आणला, दार लोटून घेतलं आणि भरली. ते मी नियमावर बोट ठेवून परत केलं असतं तर काय केलं असतं मी? घेताना मला कळत होतं की ही माझी परतफेड नाही. तिला स्वतःला काहीतरी करून बघायचं होतं आणि त्यासाठी तिने मला निवडलं.

म्हणून 'अंतर ठेवा' हे उत्तर मला पुरत नाही. आणि जवळीक तर मावशींना महागात पडली.

---

पिंपळपार | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४०

मी संघटनेच्या कामातला माणूस, वय सत्तरच्या पुढे. जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

ताई, तुम्ही जवळ होता की लांब, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ती बाई एकटी होती आणि तुम्ही एकट्या होता. दोन एकट्या माणसांत देणंघेणं झालं की उपकार होतोच, कितीही प्रेमाने करा. तिच्या बाजूला आणखी वीस बायका बसलेल्या असत्या आणि कॅमेरेवाल्याला त्या विसांना विचारावं लागलं असतं, तर "नको" म्हणणारी एखादी निघाली असती. एकीचं नको सगळ्यांच्या कामी आलं असतं.

बाहत्तर साली नंदुरबारकडच्या शहाद्याला आदिवासी मजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली तेव्हा बाहेरून शिकलेली पोरं गेली होती. पण त्यांच्या आधी तिथे अंबरसिंग होते, भिल्लांचेच, सर्वोदयाच्या कामातून तयार झालेले. जमिनीचा प्रश्न त्यांनी आधीच हातात घेतला होता. पोरांना त्यांच्या मागे चालायला शिकावं लागलं. मदत करणारा मागे चालतो तेव्हा नातं वेगळं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं मेंढा (लेखा) हे गाव बघा, गडचिरोलीत धानोऱ्याच्या वाटेवर. देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरचे. मोहनभाऊ तिथे पुढारी म्हणून राहिले नाहीत, गावाच्या अभ्यासगटात बसले. माहिती द्यायची, चर्चा करायची आणि निर्णयाच्या वेळी ग्रामसभेवर सोडायचं. ग्रामसभेत मतदान नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत थांबायचं. एकाचा विरोध असला तरी थांबायचं! २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, अठराशे हेक्टर, तो अशा थांबण्यातून आला. आणि तुमच्या प्रश्नाला धरून महत्त्वाचं, बाहेरचा कुणी अभ्यासाला आला तर आधी ग्रामसभेची परवानगी. कार्यकर्त्याची ओळख चालत नाही.

तुमच्या गावात मावशीच्या ओट्यावर जायला परवानगी कुणी दिली? तुम्हीच.

आणि 'लाभार्थी' हा शब्द तुमच्या संस्थेच्या कागदांवरून काढून टाका. जो माणूस लाभ घ्यायला आलाय तो नको कशाला म्हणेल?

---

रानवारा | ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

सगळं वाचलं. एक वाटतं ते लिहितो. कोरडवाहूताईंनी अकरा खेपा घातल्या म्हणून त्या बाईचं घर चाललं. एवढं करूनही त्यांनी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं? मी शनिवार-रविवार एका संस्थेत शिकवायला जातो. असं वाचलं की हातपाय गळतात. मग काहीच करू नये का?

---

दुसरी_बाजू | ५ ऑगस्ट, रात्री १२:२५

बरेच दिवस इथे फक्त वाचते. आज लिहिते.

मी बालगृहात वाढले. सहाव्या वर्षापासून अठरापर्यंत. आमच्याकडे शनिवार-रविवारी लोक यायचे, वाढदिवस साजरे करायला. वाढदिवस त्यांचे किंवा त्यांच्या मुलांचे. आम्ही रांगेत उभं राहून गाणं म्हणायचो, केक खायचो, फोटो काढायचो. मला केक आवडायचा. फोटो नाही आवडायचा. शाळेतल्या मुलींनी एकदा तो फोटो पाहिला होता. "नाही" म्हणता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी म्हटलं नसतं. रविवारचा केक बंद झाला तर बाकीच्या मुली मलाच बोलल्या असत्या.

आमच्या एक समाजकार्यकर्त्या होत्या. मला टायफॉइड झाला तेव्हा नऊ रात्री त्या रुग्णालयात माझ्या उशाशी होत्या. मी त्यांना कधी आई म्हटलं नाही, पण मनात म्हणायचे. मी तेरा वर्षांची असताना त्या नोकरी सोडून गेल्या. शुक्रवारी होत्या, सोमवारी नव्हत्या. सांगून गेल्या नाहीत.

बावीसाव्या वर्षी मला अनाथ प्रमाणपत्र काढायचं होतं. अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आलं होतं, त्यासाठी लागतं. त्या निमित्ताने माझी फाईल बघायला मिळाली. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "स्वभाव हट्टी. इतर मुलींशी जुळवून घेत नाही. कार्यकर्तीवर अवाजवी अवलंबून." तारीख बघितली. टायफॉइडनंतरचा महिना.

नऊ रात्री खऱ्या होत्या, तेही मला माहीत आहे. आणि ते वाक्यही त्यांचंच होतं. मला अजून ही दोन्ही माणसं एकत्र करता येत नाहीत.

@रानवारा, तुम्ही शिकवायला जात राहा. आम्हाला शिकवायला येणारे एक दादा होते, भूमिती. चार वर्षं आले आणि शेवटच्या तीन महिन्यांत दर आठवड्याला सांगत होते की मी आता इतके रविवार येणार आहे. शेवटच्या रविवारी मी रडले नाही. मला आज भूमिती येते.

---

केसपेपर | ५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

@दुसरी_बाजू, पहाटे तुमचं वाचून बसून राहिले.

"अवाजवी अवलंबून" हे वाक्य मीही लिहिलंय. एकदा नाही, अनेकदा. ते पुढे कुणी वाचणार आहे, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तोच वाचणार आहे, हे मनात कधी आलं नाही. आमच्याकडे नोंद लिहिली जाते ती वरच्या अधिकाऱ्यासाठी. जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्या नेमल्या गेल्या, तेव्हापासून ही नोंद लिहायची शिस्त आम्हाला शिकवली गेली आणि ती चांगलीच आहे, त्यामुळे रुग्ण दहा वेळा तीच कहाणी सांगण्यातून सुटतो. पण मुलगी हट्टी आहे असं लिहायच्या ऐवजी "आजारपणात नऊ रात्री मी तिच्याजवळ होते, आता मी घरी जायला निघाले की ती माझा हात सोडत नाही" एवढं लिहिता आलं असतं. खरं तेच, आणि वाचताना तुम्हाला हात आठवला असता.

न सांगता गेल्या त्याबद्दल मी त्यांची बाजू घेणार नाही. कंत्राटी नोकऱ्यांत शुक्रवारी कागद हातात पडतो हे माहीत आहे, तरीही नाही.

---

आजचा_दिवस | ५ ऑगस्ट, दुपारी ४:२०

माझी दारू सुटून सतरा वर्षं झाली. मी एएच्या मीटिंगला जातो, अल्कोहोलिक्स अनॉनिमस. आमच्यात मदत करणारा आणि मदत घेणारा अशी रेघ ओढता येत नाही म्हणून लिहितो.

हे सुरू झालं १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात. एका माणसाची दारू काही महिन्यांपूर्वी सुटलेली. परगावी कामाला आलेला, धंद्याचं काम फिसकटलं, हॉटेलात बसलेला आणि पलीकडे बार. त्याला वाटलं की आत्ता दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो तरच मी वाचेन. शोधत शोधत एका डॉक्टरकडे पोचला, तोही दारूत बुडालेला. म्हणजे पहिल्या दिवसापासून मदत करायला गेलेला माणूस स्वतःच्या गरजेपोटी गेला होता आणि त्याने ती गरज सांगितली.

मी ज्याचा स्पॉन्सर आहे, म्हणजे दारूपासून लांब राहायला ज्याला सोबत करतो, तो रात्री दोनला फोन करतो. मी उचलतो. तो म्हणतो, दादा तुमची झोपमोड. मी म्हणतो, तू फोन केलास म्हणून माझाही आजचा दिवस कोरडा गेला. हे त्याला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, खरंच तसं आहे. आम्ही बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाही. टोपी फिरते तिच्यात ज्याला जमेल त्याने टाकायचं, तोही दहा रुपये टाकतो.

कोरडवाहूताई, तुम्हाला मावशींकडून काय मिळत होतं ते त्यांना कधी सांगितलंत का? बाहेरचे लोक आले की संस्थेचं नाव होतं, पुढच्या वर्षीचा निधी येतो. हे त्यांना माहीत असतं तर अकरा खेपांसमोर मांडायला त्यांच्याकडेही काहीतरी असतं.

---

टेम्सकाठ | ५ ऑगस्ट, रात्री १०:३५

मी लंडनमध्ये मुलांच्या संरक्षण विभागात समाजकार्यकर्ती आहे. इथे कुणी मला ताई म्हणत नाही. दार उघडताना आईच्या चेहऱ्यावर एकच असतं, ही माझं मूल नेईल. कायद्याने तो अधिकार न्यायालयाचा, पण शिफारस माझी. त्यामुळे इथला 'हो' भीतीचा असतो आणि तुमच्याकडचा ऋणाचा.

एक फरक मात्र उपयोगी वाटतो. इथे आमची नोंदणी असते, ती यादी कुणालाही बघता येते आणि माझ्याबद्दल तक्रार कुठे करायची हे त्या आईला मला सांगावं लागतं. स्वतःची फाईल मागायचा तिला हक्क आहे. पंधरा वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा हे मला अपमानास्पद वाटायचं. आता वाटत नाही. माझ्याविरुद्ध जायची वाट मीच दाखवून ठेवली की ती माझ्याशी जास्त खरं बोलते, हा अनुभव आहे.

---

लिंबोणी | ६ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मी अहवालात लिहिलं. नातीच्या वाक्यासकट. पर्यवेक्षकांनी पुढच्या वर्गात ते वाचून दाखवायला सांगितलंय. पण इथलं सगळं वाचून आता प्रश्न पडलाय की आजीला न विचारता वाचू का? शुक्रवारी वस्तीवर जाणार आहे, तेव्हा विचारेन. वर्ग गुरुवारी आहे, तो पुढे ढकलायला सांगितलाय.

---

कोरडवाहू | १७ ऑगस्ट, रात्री ९:०५

उशिरा लिहितेय. मध्ये बरंच झालं.

@पिंपळपार, राग अजिबात नाही. तुमचं बरोबर आहे की परवानगी मीच दिली. गावातल्या बायकांची बैठक घेतली, एकवीस जणी आल्या. मी विषय मांडला की यापुढे बाहेरून कुणी आलं तर काय करायचं. अर्धा तास कुणी बोललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "येणाऱ्यानं आमच्या रोजाचे पैसे द्यावे, न्हाईतर खुरपायला वावरात यावं, बोलत बोलत खुरपू." त्यावर हसू फुटलं आणि मग सगळ्याच बोलल्या. ठरलं ते असं: आधी बैठकीत विचारायचं, चेहरा दाखवायचा की नाही ते ज्या त्या बाईने घरी जाऊन दोन दिवसांनी सांगायचं, आणि सांगायचं ते मला नाही, त्यांच्यातल्याच दोघींना. दोघी त्यांनीच निवडल्या. मावशी त्यात नाहीत. बैठकीलाही आल्या नव्हत्या.

@आजचा_दिवस, तुमच्या प्रश्नाने झोप उडवली. नाही, कधीच सांगितलं नव्हतं. बैठकीत सांगितलं की त्या सहा भेटींमधून संस्थेला काय मिळालं. रकमेसकट. एकीने विचारलं, "मंग त्यातलं आमाला काय?" शिलाई मशिनं त्याच पैशातून आली होती. ती कुणाचा चेहरा दाखवून आली हेही मग त्यांनीच आपसात बोलून काढलं.

@दुसरी_बाजू, आमच्या कपाटात दोनशे चौदा फायली आहेत. पहिल्या चाळीस वाचून झाल्या. माझ्याच अक्षरात काय काय आहे ते इथे लिहवत नाही. बायकांना त्या वाचून दाखवायच्या ठरवलंय, एकेकीला, तिची तिला.

व्हिडिओचं: सहापैकी चौघांनी काढून टाकला. एकाने चेहरा झाकून परत टाकलाय, तोही काढायची विनंती केलीय. एकाचं उत्तर नाही, रोज लिहितेय.

मावशींना हे सगळं सांगायचंय आणि माफी मागायचीय. नेहमीसारखी सरळ जाऊन ओट्यावर बसणार होते, गाडी काढलीसुद्धा. मग थांबले. त्यांच्या सुनेला फोन करून म्हटलं, मावशींना विचार मी येऊ का, आणि त्या नको म्हणाल्या तर तसंच सांग, निराधारच्या हयातीच्या दाखल्याचं काम मी केलंय, ते पोचलंय. सून म्हणाली, विचारून सांगते.

त्याला आज पाच दिवस झाले. अजून फोन आलेला नाही.